बाराला आठ मिनिटं कमी

मी भिंतीवरचं घड्याळ बोलतोय, आणि जरा भराभर बोलतोय, कारण माझ्याकडे आठच मिनिटं आहेत. त्यातली काही सेकंदं हे सांगण्यात गेली. घाबरलेला माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर बडबडतो. मी सात वर्षं गप्प बसून पाहिलं. आता बडबडून पाहतो.

समोर सभागृह आहे. एकेचाळीस खुर्च्या, अडतीस चेहरे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. इतक्या जणांनी एकदम आपल्या तोंडाकडे बघितलं की पोटात कसं होतं, ते ज्याचं लग्न झालंय त्याला विचारा. माझ्या पोटात तर खरोखरच चाकं आहेत.

थोडक्यात सांगतो. मी बारा वाजवले की एक देश कायद्याने जन्माला येईल. आणि बारालाच खालच्या जिन्यावरून एक माणूस वर येईल, त्याला तो जन्मू द्यायचा नाहीये. दोघांमध्ये मी आहे. आणि माझं तेल सात वर्षांत वाळून डिंक झालंय.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार. पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक म्हातारा आणि एक भिंग. माझ्या पोटात त्याने दोन स्प्रिंगा बसवल्या. एक काटे चालवते, दुसरी टोले देते. म्हणून माझ्या तबकडीवर दोन भोकं आहेत आणि दर सोमवारी दोन्हीकडे चावी द्यावी लागते. टोल्यांच्या चाकाला म्हातारा दात कापत होता, शेवटचा दात उरला होता, आणि आतून बायकोने जेवायला हाक मारली. दोनदा मारली. तिसऱ्या हाकेची वाट बघण्याइतका तो शूर नव्हता. जेवून आला आणि चुकून पुढचं चाक हातात घेतलं. तो दात अर्धवटच राहिला.

तेव्हापासून मला ही जन्मखोड आहे. बारा वाजवताना अकरा टोले मी झकास देतो, पण बारावा कधी पडतो, कधी घशात अडकतो. नुसतं खर्र होतं आणि संपलं. एक ते अकरा माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. बाराव्याचा भरवसा नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो. मी स्वतः तर आज सकाळपासून दुसरा विचारच करू शकलेलो नाही.

मला विकत घेतलं राजवाड्याने. मी खूश झालो, म्हटलं आता आपली चैन. पहिल्याच सकाळी कळलं की तिथे घड्याळाप्रमाणे माणसं चालत नाहीत, माणसाप्रमाणे घड्याळ चालतं. महाराज सकाळी आठला उठतात, असं सगळ्या राज्याला सांगितलेलं होतं. म्हणून महाराज उठेपर्यंत आठ वाजायचे नाहीत. ते साडेनऊला उठले तर साडेनऊला आठ. अकराला उठले तर अकराला आठ. नोकर दाराला कान लावून बसायचे, आतून जांभई आली की एकजण धावत यायचा आणि माझे काटे सरकवायचा. राजवाड्यातल्या कोंबड्यांनीही आरवणं सोडलं होतं, उगाच कशाला वाईटपणा घ्या. एकदा महाराज आजारपणात असे झोपले की त्या आठवड्यात मंगळवार आलाच नाही. सोमवारनंतर डायरेक्ट बुधवार. खोटं वाटेल, पण मी तिथे होतो.

हसू नका. माझे टोले राजवाड्याच्या गच्चीवरच्या मोठ्या घंटेला तारेने जोडलेले होते, ती घंटा चौकात ऐकू जायची, आणि गिरणीची रात्रपाळी त्या आठच्या घंटेलाच सुटायची. महाराज दोन तास जास्त झोपले की पाळी दोन तास लांबायची. बायाबापड्या मागावर उभ्या उभ्या पेंगायच्या. एकीची तर बोटं गेली.

राजवाड्यात मला चावी द्यायला एक घड्याळजी होता. बारीक, सुतळीसारखा माणूस. माझा बारावा टोला अडकला की तो खालून हळूच म्हणायचा, "बारा." म्हणजे हिशेब पुरा. मग माझ्या काचेवर बोट वाजवून म्हणायचा, "गिळलास ना परत, लबाडा?" त्याची बायको त्याच गिरणीत रात्रपाळीला होती. एका सकाळी तो आला. त्याची चावी दोनदा भोकाबाहेर घसरली. आतून जांभई आलेली नव्हती. त्याने माझे काटे सूर्याप्रमाणे लावले आणि मला आठला आठ वाजवू दिले.

गिरणी वेळेवर सुटली. महाराज साडेनऊला उठले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर साडेनऊ होते. राजाला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की तू उशिरा उठलास.

घड्याळजीला दोघेजण घेऊन गेले. कागद नव्हता, शिक्का नव्हता, नुसता तोंडी हुकूम. तो परत आला नाही. त्याचे कपडेही परत आले नाहीत. फक्त चावी आली, कारण ती सरकारी होती.

त्या दिवसापासून मी भित्रा झालो. कुणी माझ्यासमोर जास्त वेळ उभं राहिलं की माझा लंबक अजूनही चुकतो.

आता सहा मिनिटं उरली असतील. जरा पुढे सरकतो.

राजा गेला. फौजेने लोकांवर गोळी चालवायला नकार दिला, म्हणून तो मागच्या दाराने गेला. हे कुणीच नाकारत नव्हतं, आणि सेनापती दिवसातून दोनदा त्याची आठवण करून देई. धिप्पाड माणूस, बुटांना लोखंडी नाल. तो चालायला लागला की माझी काच थरथरायची. त्याने पुढाऱ्यांशी लेखी करार केला: एका वर्षात देशाची सनद लिहा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत मंजूर झाली तर ठीक, फौज सनदेची चाकर. नाही झाली तर देशाचा बंदोबस्त माझ्याकडे.

बंदोबस्त. किती साधा शब्द आहे बघा. लग्नात वाढप्यांचा करतात तसा.

मला राजवाड्याच्या भिंतीवरून काढून या सभागृहात लावलं, गच्चीवरच्या घंटेसकट. आणि मला चावी द्यायला नेमलं घड्याळजीच्या बायकोला. सगळे तिला काकू म्हणतात. ती पहिल्या दिवशी आली, शिडीवर चढली, आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला खाली फेकणार. तिने पदराने माझी काच पुसली आणि चावी दिली. डावीकडे नऊ वेढे, उजवीकडे नऊ. त्याच्याइतकेच.

हंगामी मंडळाचे अध्यक्ष झाले मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. राजाच्या तुरुंगात चार वर्षं काढून आलेले, घड्याळजीचे जिवलग मित्र. म्हणून ते काकूंना वहिनी म्हणत आणि काकू त्यांना भाऊजी. चांगला माणूस. इतका चांगला की सभेत कुणी खोकलं तरी बोलायचं थांबून पाणी द्यायला लावायचे. अशा माणसाच्या हातात देश दिला की त्याचं काय होतं, ते मी पाहिलंय.

आणि कायदे लिहायला वकीलबाई. त्यांच्या लेखणीसमोर स्वल्पविरामसुद्धा ताठ उभा राहायचा.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं ते वेळेवरून. एका महत्त्वाच्या मतदानाला काहीजण दहा मिनिटं उशिरा आले. ते म्हणाले, आम्ही वेळेवर आलोय, तुमचीच घड्याळं पुढे आहेत. सगळ्यांनी मनगटं पुढे केली. एकेचाळीस माणसं, सदतीस घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. प्रत्येकाला वाटे की समोरच्याने मुद्दाम मागेपुढे केलंय. नवीन राज्य होतं, कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. शेवटी मतदान घेतलं, आणि बावीस विरुद्ध एकोणीस मतांनी दहा वाजून दहा मिनिटं झाली.

तेव्हा वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, असं रोज करता येणार नाही. त्यांनी नियम लिहिला: या राज्याच्या कामकाजात सभागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवेल तीच वेळ. सेनापतीच्या करारातही तेच घातलं. सेनापती शिस्तीचा माणूस, त्याला नियम आवडला, त्याने सही केली.

माझी छाती फुगली. राजाच्या वेळी माझ्या तोंडावर खोटं लिहायचे, आता माझं तोंड म्हणजेच कायदा. हे दोन्ही एकच असू शकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं म्हणजे मला नुसती तबकडी.

वर्ष गेलं. सनदेची सगळी कलमं झाली, एक सोडून: फौजेचा प्रमुख कोणी नेमायचा आणि कोणी काढायचा. सेनापती मागच्या बाकावर बसून ऐकत असे. तो काही बोलत नसे. त्याला बघूनच बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटे.

शेवटचा दिवस उजाडला, सोमवार होता. काकूंनी सकाळी चावी दिली. साडेअकराला अजून चौदाजण बोलायचे होते. पावणेबाराला सेनापती उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या श्वासाने माझी काच धुरकटली. खाली चौकात ट्रक थांबल्याचे आवाज आले, मागच्या फळ्या पडल्याचे आवाज आले. मला सगळं ऐकू येत होतं आणि मला चालणं भाग होतं. कधी पळता न येणाऱ्याची भीती काय असते, ते माझ्या जागी येऊन बघा: मी एकेक सेकंद पुढे जात होतो आणि ज्याची भीती वाटत होती तिकडेच जात होतो.

त्याच वेळी मास्तरांनी काकूंना खुणेने बोलावलं. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"वहिनी, घड्याळ थांबवा."

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दहा-पाच तासांचा प्रश्न आहे. नियमात बसतं. घड्याळ दाखवेल तीच वेळ. मला माहीत आहे मी कुणाला काय सांगतोय."

"तोंडी नको, भाऊजी," काकू म्हणाल्या. "तोंडी हुकमाने माझं घर बुडालंय. लिहून द्या."

मास्तरांनी खिशातून कागद काढून लिहिलं: उद्या सकाळी घड्याळ सुरू करीन. खाली सही. काकूंनी चिठ्ठीची घडी केली, अजून एक घडी केली, शिडीवर चढल्या, माझा लंबक धरला आणि ती चिठ्ठी त्याच्याखाली पाचरीसारखी घट्ट बसवली. मास्तरांचं वचन, त्याच्यावर मी अडकलेला. बाराला आठ मिनिटं कमी.

सेनापती बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग करार मागवून वाचला, दोनदा. त्याच्या मानेची शीर उडत होती. पण सही त्याचीच होती, आणि खाली त्याचेच शिपाई होते, ज्यांना तो रोज दिलेल्या शब्दावर भाषण द्यायचा. तो परत बाकावर जाऊन बसला. खिडकीतून ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं आणि पिवळं झालं, तरी माझ्या तोंडावर बाराला आठ कमी. आणि त्याच आठ मिनिटांत शेवटचं कलम मंजूर झालं: फौजेचा प्रमुख लोकांची सभा नेमेल आणि लोकांची सभाच काढेल.

लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही ओरडलो असतो, पण माझ्या गळ्यात कागद होता.

आता ऐका यांची चूक. वकीलबाईंनी हौसेने सनदेच्या शेवटी लिहून ठेवलं होतं: मंजुरीच्या दिवशी सभागृहाच्या घड्याळाचे बाराचे टोले पूर्ण होतील त्या क्षणी सनद लागू होईल, हंगामी मंडळ बरखास्त होईल आणि चाळीस दिवसांत निवडणूक होईल. ऐकायला किती छान. घंटा वाजेल, चौकात लोक टोप्या उडवतील. म्हणजे मी चालू झालो की आठ मिनिटांनी हे सगळे घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शिडी घेऊन आल्या. तेवढ्यात बातमी आली की सीमेपलीकडच्यांनी पूल अडवलाय. मास्तर म्हणाले, वहिनी, चाळीस दिवस घर असं उघडं टाकायचं का? खाली ट्रक उभे आहेत. एकच आठवडा.

पुढच्या सोमवारी पावाच्या रांगेत दंगल झाली. त्याच्या पुढच्या सोमवारी राजाचा एक चुलत भाऊ कुठेतरी दिसला म्हणे. त्याच्या पुढच्या सोमवारी काहीच झालं नाही, तर मास्तरांना त्याचीच भीती वाटली.

खोटं नाही, माणूस खराखुरा घाबरलेला होता. मी त्यांना टेबलाखाली स्वतःचं मनगट दाबून धरताना पाहिलंय. भीती लबाडी नव्हती, म्हणूनच ती संपली नाही. लबाडी असती तर कुणीतरी पकडली असती.

दर सोमवारी काकू यायच्या, काच पुसायच्या आणि विचारायच्या, "भाऊजी, सुरू करू?"

"पुढच्या सोमवारी, वहिनी."

असे तीनशे पासष्ट सोमवार. चिठ्ठी काढणं त्यांना सहज जमलं असतं. वकीलबाईंनी एकदा त्यांना तसं चिडून म्हटलंही. काकू म्हणाल्या, अक्षर ज्याचं आहे, हातही त्याचाच पाहिजे.

या सात वर्षांत सभागृहाच्या वहीत एकच तारीख लागत राहिली, कारण दिवस संपलेलाच नव्हता. त्या एका दिवशी, बाराला आठ मिनिटं कमी असताना, तीन सभासद वारले, वकीलबाईंच्या मुलीचं लग्न झालं आणि तिला जुळं झालं. तेही त्याच दिवशी. वकीलबाईंनी खुर्चीला गादी शिवून घेतली. सभासदांची पोटं सुटली. कुणी निवडणुकीचं नाव काढलं की बाकीचे माझ्याकडे बोट दाखवायचे, अजून वेळ आहे.

आणि सेनापती रोज येत असे. रोज दुपारी, खऱ्या बाराला. माझ्यासमोर उभा राही, बघे, एक कडक सलाम ठोके आणि निघून जाई. पहिल्या वर्षी मी प्रत्येक सलामाला आतून गारठायचो. चौथ्या वर्षी त्याच्या हातात काठी आली. सहाव्या वर्षी तो माझ्यासमोर आला आणि मान खाली घालून तिथेच डुलकी घेऊ लागला. ज्याच्या भीतीने मी उभा होतो, तो माझ्यासमोर उभ्याउभ्या म्हातारा झाला. पण शब्द मोडला नाही त्याने. दीड महिन्यापूर्वी तो गेला. खरं सांगू? मला त्या सलामाची आठवण येते.

मग काल नवा सेनापती आला.

तरुण, गुळगुळीत दाढी, रबरी तळव्यांचे बूट. आला कधी ते कळलंच नाही. मास्तरांशी फार अदबीने बोलला. सर म्हणाला. शाळेत तुमचंच भूगोलाचं पुस्तक होतं म्हणाला. आणि मी वाट बघत राहिलो की हा आता माझ्याकडे बघेल.

त्याने बघितलं नाही. त्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"सर, माझ्या घड्याळात सात वर्षं होऊन गेली. उद्या दुपारी बाराला मी येतोच. बंदोबस्ताचं बघू."

तो गेल्यावर सभागृहातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं होतं, मास्तरांनाही कळलं होतं. थांबलेलं घड्याळ फक्त त्यालाच अडवतं, जो त्याच्याकडे बघतो.

सगळे गेले. मास्तर खुर्चीतच बसून राहिले. काकू काच पुसायचं फडकं घेऊन समोर बसल्या.

"आता काय करायचं, वहिनी? मला भीती वाटते."

"कुणाची?"

"आधी त्याची वाटायची. मग सीमेवरच्यांची. मग लोकांची. आता या खुर्चीतून उठायचीच वाटते. उठलो तर खाली पाय आहेत की नाहीत, इथपासून."

काकूंनी फडक्याची घडी घातली. "ह्यांनाही वाटत होती. त्या दिवशी घरातून निघताना दोनदा चप्पल उलटी घातली. मला म्हणाले, आज आठला आठ वाजवतो."

"मग?"

"मग वाजवले."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, आत्ताच करू. काकू म्हणाल्या, आत्ता नाही. सात वर्षं खोटं उभं आहे ते. आता लावायचं तर खरं लावायचं. उद्या बाराला आठ मिनिटं कमी असताना हात लावा, म्हणजे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एकच होतील. कुणाला बोट दाखवायला जागा नको.

मी मनातल्या मनात म्हटलं, अगं बाई, मग त्या सेनापतीचेही बारा तेव्हाच की. पण माझं कोण ऐकतंय.

आज सकाळपासून सगळे जागेवर आहेत. वकीलबाईंनी गादी काढून बाजूला ठेवलीय. सनद टेबलावर उघडी आहे. काकूंकडे नवऱ्याचं घरी राहिलेलं खिशातलं घड्याळ आहे, त्याची साखळी त्यांनी बोटाला गुंडाळलीय. त्यांनी मान हलवली, आणि मास्तर शिडीवर चढले. त्यांचे गुडघे शिडीला आपटत होते, ठक ठक, माझ्यापेक्षा त्यांचीच टिकटिक मोठी. त्यांनी चिठ्ठी धरली. ती निघेना, सात वर्षांत लाकडाला चिकटलेली. मग निघाली. लंबक हलला. जुनी स्प्रिंग, सात वर्षं आवळून धरलेला श्वास, सोडला.

आणि तिथून मी तुमच्याशी बोलतोय.

आता एक मिनिट राहिलंय. खाली ट्रक आलेत. मागच्या फळ्या पडल्या, तोच आवाज. रबरी तळव्यांचा आवाज येत नाही, पण त्याच्यामागे नालवाले शिपाई आहेत, ते येतायत. जिना बत्तीस पायऱ्यांचा आहे. मोजण्यापलीकडे मला दुसरं येतं काय.

त्या शिपायांनी जुन्या सेनापतीच्या करारानुसार शपथ घेतलीय, सनद लागू होईल त्या क्षणापासून आम्ही सनदेचे. तो क्षण माझ्या घशात आहे.

पहिला पडला. गच्चीवर घंटा घुमली. चौकात कुणीतरी ओरडलं, सात वर्षांनी ऐकतायत बिचारे. दोन. तीन. पायऱ्यांवरचे नाल मंदावले. चार. पाच. सहा. मास्तरांनी शिडीची कड धरलीय, उतरायचंच विसरलेत. सात. दार उघडलं. तो आलाय, मनगट वर धरून. आठ. त्याच्यामागचे शिपाई उंबऱ्याबाहेर थांबलेत, ओठ हलतायत त्यांचे, तेही मोजतायत. नऊ. दहा. माझ्या पोटात तो अर्धवट दात वर येताना मला जाणवतोय. अकरा.

खर्र.

नाही पडला.

मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही? वकीलबाई सनदेवर बोट ठेवून उभ्या आहेत, टोले पूर्ण होतील त्या क्षणी, आणि पूर्ण झालेले नाहीत. नव्या सेनापतीच्या ओठांना हसू येतंय. त्याने एक पाय आत टाकला.

"बारा," काकू म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, जसा घड्याळजी खालून म्हणायचा.

मग वकीलबाई म्हणाल्या, बारा. मग मागचा एकजण. मग शिडीवरून मास्तर, फुटक्या आवाजात. मग दाराबाहेरून एक जाड आवाज आला, शिपायाचा, "बारा." आणि मग चौकातून. ते सगळे एकदम नाही म्हणाले, मागेपुढे म्हणाले, ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं असावं तसे. पण बाराच म्हणाले.

मास्तर शिडीवरून उतरले. हंगामी अध्यक्षाची खुर्ची समोर होती, तिच्यावर बसले नाहीत. हातातली चिठ्ठी त्यांनी काकूंना दिली आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले, म्हाताऱ्या सेनापतीच्या जागी. त्यांचे पाय अजून थरथरतायत. पण पाय आहेत.

नवा सेनापती अजून दारात आहे. एक पाय आत, एक बाहेर. त्याने मनगटाकडे पाहिलं, मागच्या शिपायांकडे पाहिलं, आणि आत्ता, पहिल्यांदाच, वर माझ्याकडे पाहिलं.

मला भीती वाटतेय. चाळीस दिवस आहेत पुढे, आणि या माणसाचा दुसरा पाय कुठे पडेल ते मला दिसत नाही. तुम्हालाही वाटत असेल. वाटू द्या. फक्त एवढं करा, माझ्याखाली कागद सारू नका, कितीही चांगल्या माणसाचा असला तरी. मला चालू द्या. बारावा अडकला तर तुम्ही म्हणा.

बारा वाजून एक मिनिट झालं.

आणि सोमवारी चावी द्यायला विसरू नका.